उत्तरेची वाट

देशांना नावे कशी पडली हे पाहू गेल्यास मोठी गंमत आढळते. काही देशांना नदीचे नाव मिळाले, काहींना तेथे राहणाऱ्या लोकांचे. आपल्या देशाची ‘हिंद’ आणि ‘इंडिया’ ही नावे सिंधू नदीवरून आली आहेत. परंतु एखाद्या देशाला चक्क वाटेचे नाव मिळावे, हे विरळच. युरोपच्या वायव्य टोकाला असलेला नॉर्वे हा तसा देश आहे. नॉर्वे म्हणजे उत्तरेकडे जाणारी वाट, असा या नावाचा अर्थ बहुतेक विद्वान सांगतात. आणि ही वाट जमिनीवरची नव्हे, पाण्यावरची आहे.

नॉर्वेचा नकाशा समोर ठेवला की या नावाचे मर्म ध्यानात येते. देश लांबच लांब आणि अरुंद. एका बाजूला अथांग समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरांची रांग, आणि या दोहोंच्या मध्ये वस्तीला मिळालेली जमीन जेमतेम हातभर. हिमयुगात हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत पुढे समुद्र शिरला आणि डोंगरांच्या पोटात दूरवर गेलेल्या खाड्या तयार झाल्या. त्यांना तेथे ‘फ्योर्ड’ म्हणतात. सोग्न नावाचा फ्योर्ड तर २०० किलोमीटरांहून अधिक आत गेला आहे आणि काही ठिकाणी त्याची खोली १,३०० मीटर भरते. अशा मुलखात शेजारच्या गावी जावयाचे झाले तर डोंगर चढण्यापेक्षा होडी पाण्यात लोटणेच सोपे. त्यातही निसर्गाने या लोकांवर एक कृपा केली आहे. किनाऱ्यासमोर हजारो लहानमोठी बेटे आणि खडक यांची माळ पसरलेली आहे. ही माळ खवळलेल्या समुद्राचा मार स्वतः सोसते आणि आतल्या बाजूला बोटींसाठी शांत पाण्याची एक गल्ली मोकळी ठेवते. हीच ती उत्तरेची वाट.

या वाटेचे मला आकर्षण वाटावे याला एक कारण होते. माझे बालपण कोकणात, विजयदुर्गच्या खाडीकाठी गेले. मुंबईहून येणारी आगबोट दूरवर दिसली की अर्धे गाव बंदराकडे धावे. ‘बोट लागली का?’ हा आमच्या आजीच्या तोंडचा नेहमीचा प्रश्न. कारण बोटीबरोबर मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या काकांची खुशाली येई, भावंडांसाठी खाऊ येई, आणि कधी कधी काका स्वतःच येत. पावसाळ्यात बोटी बंद राहात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला म्हणजे आजी पुन्हा बोटीची वाट पाहू लागे. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव पोहोचली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्यापूर्वीच त्या बोटी इतिहासजमा झाल्या होत्या. म्हणून, नॉर्वेच्या किनाऱ्यावरची बोट १८९३ सालापासून आजतागायत गावोगाव थांबत जाते, असे जेव्हा माझ्या वाचनात आले, तेव्हा ती एकदा डोळ्यांनी पाहावी अशी इच्छा मनात उत्पन्न झाली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती पूर्ण करण्याचा योग आला.

जून महिन्यात मी आणि माझी पत्नी मुंबईहून निघालो. वाटेत एकदा विमान बदलून आम्ही नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे पोहोचलो. तेथे दोन दिवस, आगगाडीने पलीकडच्या किनाऱ्यावरील बेर्गेन शहरी गेल्यावर आणखी दोन दिवस, आणि मग बोटीने सहा रात्रींचा प्रवास करून रशियाच्या सीमेजवळचे किर्केनेस हे गाव गाठावयाचे, असा आमचा बेत होता.

ओस्लो हे शहर राजधानीच्या मानाने शांत वाटते. फ्योर्डच्या काठावर २००८ साली उघडलेले एक भव्य संगीतगृह आहे. त्याचे पांढरेशुभ्र छप्पर उतरते होत होत थेट पाण्यापर्यंत आले आहे आणि त्या छपरावर कोणीही फिरावे अशी मुभा आहे. आत गाणे ऐकणारे लोक आणि वर छपरावर डबा उघडून बसलेली मुले, असा तेथील थाट आम्हांला फार आवडला.

परंतु ओस्लोत माझे मन गुंतले ते ‘फ्राम’ या जहाजापाशी. फ्राम म्हणजे ‘पुढे’. हे लाकडी जहाज एका मोठ्या इमारतीत जसेच्या तसे जपून ठेवले आहे आणि प्रेक्षकांना त्याच्या आत उतरून पाहता येते. १८९३ च्या जून महिन्यात फ्रिट्यॉफ नान्सेन हा संशोधक ते घेऊन उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाला. उत्तर महासागरातील बर्फ एका जागी स्थिर नसून हळूहळू वाहते आहे, असा त्याचा तर्क होता. तो सिद्ध करण्यासाठी त्याने जाणूनबुजून आपले जहाज बर्फात अडकवून घेतले. जहाजाची बांधणी अशी गोलाकार होती की बर्फाने चोहोबाजूंनी आवळताच ते चिरडून न जाता वर उचलले जाई. तीन वर्षे बर्फाबरोबर वाहत जाऊन १८९६ साली फ्राम सुखरूप परतले. पुढे याच जहाजातून आमुन्सेन दक्षिणेकडे गेला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पाऊल ठेवणारा पहिला मानव ठरला. जहाजातील त्या चिमुकल्या खोल्या, ती अरुंद बिछान्यांची रांग पाहिली, म्हणजे माणसाच्या धैर्याला सीमा नाही असे वाटते.

फ्राम राजधानीतून निघाल्यानंतर अवघ्या आठवड्याने, २ जुलै १८९३ रोजी, आणखी एक बोट नॉर्वेच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे निघाली होती. तिला निरोप देण्यास जगातील विद्वान जमले नव्हते. ती कोणत्याही अज्ञात प्रदेशात जाणार नव्हती. टपालाच्या थैल्या, थोडा माल आणि काही उतारू घेऊन ती गावोगाव थांबत जाणार होती. आम्ही जिच्यासाठी आलो होतो, ती हीच बोट. तिची हकिकत पुढे येईलच.

ओस्लो ते बेर्गेन हा आगगाडीचा मार्ग १९०९ साली पुरा झाला. तो १,२३७ मीटर उंचीवरून जातो. सकाळी हिरवीगार शेते मागे टाकून निघालेली आमची गाडी दुपारी बर्फाच्या मैदानात शिरली. जून महिना, खिडकीबाहेर लखलखीत ऊन, आणि रुळांच्या दोन्ही अंगांना बर्फाचे ढीग! घाटमाथा ओलांडून गाडी झपाझप खाली उतरू लागली, तेव्हा मला आपल्या फोंडा घाटाची आठवण झाली. डोंगर उतरला की हवा बदलते, वास बदलतो, आणि समुद्र जवळ आल्याचे डोळ्यांच्या आधी नाकाला कळते.

बेर्गेन हे डोंगरांच्या कुशीत वसलेले बंदर पावसासाठी प्रसिद्ध आहे. वर्षातील दोनशेहून अधिक दिवस तेथे पाऊस पडतो. आम्ही उतरलो तेव्हाही रिमझिम चालू होती. इतर प्रवासी कपाळाला आठ्या घालून छत्र्या उघडत होते. आम्हा कोकणी माणसांना मात्र मृगाचा पाऊस परदेशात भेटल्याचा आनंद झाला.

बंदराच्या एका बाजूला लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या उभट लाकडी घरांची रांग आहे. तिला ‘ब्रिग्गेन’ म्हणजे धक्का म्हणतात. चौदाव्या शतकापासून येथे जर्मनीतील हान्सा व्यापारी संघाची पेढी होती. उत्तरेच्या बेटांवर कॉड नावाचा मासा विपुल, पण तेथील थंडीत धान्य पुरेसे पिकत नाही. दक्षिणेकडे धान्य मुबलक, पण उपासाच्या दिवसांत खाण्याजोगा टिकाऊ मासा दुर्मिळ. म्हणून उत्तरेचे कोळी वाळवलेला मासा होड्यांत भरून शेकडो मैल दक्षिणेला बेर्गेनपर्यंत येत आणि धान्य घेऊन परत जात. या एका देवघेवीवर हे शहर उभे राहिले. घरांच्या मधल्या बोळांत शिरलो तर पायांखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले सज्जे, आणि काळाने वाकलेल्या भिंती एकमेकींना खांदा देऊन उभ्या. सारेच लाकडाचे असल्यामुळे या घरांत विस्तव पेटवण्यास मनाई असे. उत्तरेच्या हिवाळ्यात, ऐन तारुण्यात घर सोडून आलेले शिकाऊ कारकून या खोल्यांत कुडकुडत रात्री काढीत. इतकी काळजी घेऊनही १७०२ साली आग लागून सर्व जळाले. लोकांनी पूर्वीच्याच पायावर, पूर्वीच्याच पद्धतीने ते पुन्हा बांधले. १९७९ साली युनेस्कोने ब्रिग्गेनला जागतिक वारशाचा मान दिला.

बेर्गेनमधील आणखी एका जागेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. गावात सेंट यॉर्गेन नावाचे कुष्ठरोग्यांचे जुने रुग्णालय आहे. आता तेथे संग्रहालय आहे. मध्यभागी मोठे दालन आणि सभोवार अगदी लहान लहान खोल्या. एकेका खोलीत माणसांनी आपले उभे आयुष्य काढले. येथील शेवटचे दोन रुग्ण १९४६ साली वारले, तेव्हा त्यांना तेथे येऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. याच शहरात १८७३ साली डॉ. आर्मावर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. तोवर हा रोग वंशपरंपरेने येतो अशी मोठमोठ्या वैद्यांची समजूत होती, आणि सामान्य जन त्याला देवाचा कोप म्हणत. तो एका जंतूमुळे होतो हे कळले, आणि ज्याला कारण आहे त्याला उपायही असू शकेल, ही आशा प्रथम उत्पन्न झाली. वरोड्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, त्या कार्याच्या मागे जी वैज्ञानिक श्रद्धा होती तिचे एक मूळ या पावसाळी शहरात आहे, हे जाणवून आम्ही दोघेही काही वेळ त्या दालनात न बोलता उभे राहिलो.

त्या रात्री आमची बोट सुटली. रात्र म्हणावयाची ती केवळ घड्याळापुरती. नऊ वाजले तरी आकाशात लख्ख उजेड होता. या बोटसेवेचे नाव ‘हुर्तिग्रूतेन’ म्हणजे जलद मार्ग. बेर्गेन ते किर्केनेस या मार्गावर तिची ३४ बंदरे आहेत. जाऊन येऊन सुमारे अडीच हजार सागरी मैलांचा हा फेरा एका बोटीला सुमारे बारा दिवसांत पुरा होतो. म्हणून अनेक बोटी एकामागून एक सोडाव्या लागतात. २०२१ सालापासून दोन कंपन्या मिळून हे काम करीत आहेत आणि ही सेवा चालू राहावी म्हणून सरकार त्यांना पैसे देते.

सरकारला हा खर्च का करावासा वाटला, हे समजण्यासाठी १८९३ पूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी मध्य नॉर्वेतील ट्रॉन्हेम येथून उत्तरेच्या हॅमरफेस्टला पत्र पोहोचण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच महिनेसुद्धा लागत. मुलगा आजारी असल्याचे पत्र आईच्या हाती पडेपर्यंत मुलगा बरा तरी झालेला असे, नाही तर जगातून गेलेला तरी असे. किनाऱ्याने नियमित आणि जलद बोट चालवावी असे सरकारने सुचवले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. कारणही तसेच होते. ट्रॉन्हेमच्या उत्तरेला अवघी २८ दीपगृहे होती आणि समुद्राचे नकाशे दोनच. हिवाळ्यात तर सूर्य उगवतच नाही. खडकांनी भरलेल्या त्या गल्लीतून काळोखात बोट हाकारणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण देणे, असेच सर्वांना वाटे.

रिचर्ड विथ या कप्तानाला मात्र तसे वाटले नाही. तो त्याच किनाऱ्यावरील एका लहान बोट कंपनीचा चालक होता. त्याने आणि त्याच्या वाटाड्याने कित्येक वर्षे प्रत्येक फेरीत एक टिपण ठेवले होते. होकायंत्राचा काटा कोणत्या दिशेला असता, किती वेगाने, किती मिनिटे गेल्यावर कोणते वळण येते, याची ती नोंद होती. डोळ्यांना दिसत नसले तरी घड्याळ, होकायंत्र आणि टिपणवही यांच्या आधारे वाट सापडते, अशी त्याची खात्री झाली होती. त्याची ‘वेस्टेरालेन’ ही बोट २ जुलै १८९३ रोजी सकाळी ट्रॉन्हेमहून निघाली आणि ६७ तासांत हॅमरफेस्टला पोहोचली. जे पत्र आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मिळे, ते आता तिसऱ्या दिवशी मिळू लागले. एका वहीतील काटेकोर नोंदींनी शेकडो मैलांचा किनारा एकमेकांजवळ आणला.

पहिल्या रात्रीनंतर, पहाटेच्या सुमारास, आमची बोट अचानक डोलू लागली. स्टाड नावाचे एक भूशिर येथे समुद्रात पुढे आले आहे. त्याच्यासमोर बेटांची माळ तुटलेली असल्यामुळे उघड्या समुद्राच्या लाटा थेट येऊन आदळतात. खोलीतील पेले घरंगळू लागले. आमच्या भाषेत ‘बोट लागणे’ याचे दोन अर्थ आहेत, एक आनंदाचा आणि दुसरा पोटात ढवळून आणणारा. पत्नीला त्या पहाटे दुसऱ्या अर्थाचा पुरेपूर अनुभव आला. दोन तासांनी बोट पुन्हा बेटांच्या आडोशाला शिरली आणि समुद्र तळ्यासारखा निवांत झाला. बेटांची ती माळ म्हणजे काय वरदान आहे, हे तेव्हा खरे उमगले.

या स्टाडपाशीच ३० सप्टेंबर १९४३ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, ‘सांक्ट स्वितुन’ ही याच मार्गावरील प्रवासी बोट बाँबहल्ल्यात सापडून नष्ट झाली. जवळच्या एका लहानशा बेटावरील लोकांनी आपल्या होड्या खवळलेल्या पाण्यात घातल्या आणि जमतील तितकी माणसे वाचवली. ही हकिकत ऐकताना मला ‘रामदास’ बोटीची आठवण होणे स्वाभाविक होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या दिवशीही मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी अनेकांना वर काढले होते. किनारा कोणताही असो, बुडत्याला हात देताना कोळी त्याचे नाव-गाव विचारीत नाही.

पुढचे दिवस एका संथ लयीत गेले. दर दोन-तीन तासांनी एक बंदर येई. बोटीच्या कुशीतले दार उघडे, दोर फेकले जात, आणि माल उचलणाऱ्या छोट्या गाड्या लगबगीने आत-बाहेर करू लागत. कधी पिठाची पोती उतरत, कधी एखादे यंत्र, एकदा एका मुलाची नवीकोरी सायकल. कोकणात आमची आगबोट बहुतेक बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही आणि पडावातून उतारूंची ने-आण होई. येथे मात्र अवघ्या पंधरा मिनिटांत सारे काम उरके, आणि ठरल्या क्षणी बोट निघे. वाटेतील ओलेसुंड हे शहर १९०४ च्या जानेवारीत एका रात्रीत जळून खाक झाले होते. ते तीन वर्षांत पुन्हा उभे राहिले, आणि असे उभे राहिले की त्याचे बुरूज, कमानी आणि फुलापानांची नक्षी पाहण्यास आज लोक दुरून येतात. ट्रॉन्हेमच्या प्राचीन दगडी चर्चचे दर्शन घेऊन आम्ही उत्तरेकडे निघालो. चौथ्या दिवशी सकाळी ज्या रेषेपासून आर्क्टिक प्रदेश सुरू होतो, ते उत्तर ध्रुववृत्त आम्ही ओलांडले. तेथे एका खडकावर पृथ्वीगोलाची आकृती उभारली आहे. बोटीवर एक खलाशी समुद्रदेवाचे सोंग घेऊन आला आणि ज्याच्या त्याच्या मानेवरून बर्फाचे पाणी ओतू लागला. साठी उलटलेली माणसे शाळकरी पोरांसारखी ओरडत पळू लागली.

त्याच दिवशी दुपारी बोडो बंदरात एक वृद्ध बाई बोटीवर चढल्या. वय ऐंशीच्या घरात असेल. डोळे तपासून घेण्यासाठी त्या तेथील मोठ्या रुग्णालयात आल्या होत्या आणि लोफोटेन बेटांवरील आपल्या गावी परत चालल्या होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे संभाषण सुरू झाले. लहानपणी गावात घड्याळे थोडी होती. बोटीचा भोंगा झाला की आई भात चढवावा तशी बटाटे चुलीवर चढवी, असा त्यांच्या बोलण्याचा मी आमच्या परीने अर्थ लावला.

“आता तरुण मंडळी मोटारीने जातात, विमानाने जातात,” त्या म्हणाल्या. “पूल झाले, बोगदे झाले. बोटीवर पाहा, सारे पाहुणेच.”

ते खरे होते. बोटीवरील बहुतेक उतारू आमच्यासारखे दूरदेशीचे होते, गावकरी मोजकेच.

“मग ही बोट बंद झाली तर?” मी विचारले.

त्यांनी क्षणभर समुद्राकडे पाहिले. “वादळात रस्ता बंद होतो, विमान उडत नाही. तेव्हा आम्ही या बोटीची वाट पाहतो. रोज जिचे काम पडत नाही, तिची गरज संपली असे थोडेच असते?” मग त्यांनी विचारले, “तुमच्या गावी अजून बोट येते का?”

“नाही,” मी म्हणालो. “आता एस.टी. येते. रात्री वस्तीला राहते आणि पहाटे परत जाते.”

“रोज येते ना?”

“रोज येते.”

“मग झाले तर!” असे म्हणून त्या प्रसन्न हसल्या.

संध्याकाळी लोफोटेनचे डोंगर क्षितिजावर दिसू लागले. समुद्रातून एकदम वर उठलेली ती काळी शिखरे म्हणजे जणू करवतीचे दात. त्यांच्या पायथ्याशी लाल रंगाच्या झोपड्या आणि लाकडी वाशांचे प्रचंड मांडव होते. जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड मासे उत्तरेच्या थंड समुद्रातून अंडी घालण्यासाठी येथे येतात. ते पकडून, मीठ न लावता, या मांडवांवर जोडीजोडीने टांगतात आणि थंड वाऱ्यावर वाळवतात. आम्ही गेलो तेव्हा मांडव बहुतेक रिकामे होते, परंतु वास मात्र घर करून होता. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला तो वास परका वाटणार नाही. त्या वृद्ध बाई धक्क्यावर उतरल्या. कोणी तरी त्यांची पिशवी घेतली. त्यांनी मागे वळून आम्हांला हात हलवला, आणि बोट सुटली.

पाचव्या रात्री, ट्रॉम्सो शहर मागे टाकल्यावर, मध्यरात्रीचा सूर्य दिसला. बारा वाजले होते. सूर्य उत्तरेकडे क्षितिजाच्या थोडा वर, तांब्याच्या ताटासारखा, स्थिर होता. तो खाली उतरला, पण बुडाला नाही. जरासा रेंगाळला आणि पुन्हा वर चढू लागला. संध्याकाळ आणि सकाळ यांच्यामध्ये रात्रीला जागाच उरली नव्हती. बोटीवर शंभर-दीडशे माणसे होती, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पत्नीने नकळत हात जोडले. परंतु या उजेडाचे मोल दुप्पट करणारी गोष्ट अशी की, याच ठिकाणी हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि तेव्हाही ही बोट चालू असते.

पुढचा मुलूख उजाड होता. झाडे संपली, उरले ते खडक आणि शेवाळ. मधूनच रेनडियरांचे कळप दिसत. हॅमरफेस्टला आम्ही भल्या सकाळी पोहोचलो. १९४४ च्या हिवाळ्यापूर्वी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा सारा प्रदेश जाळून टाकला होता. सुमारे ५० हजार लोकांना सक्तीने घरे सोडावी लागली. हजारो लोक गुहांत आणि झोपड्यांत लपून राहिले. हॅमरफेस्टमध्ये दफनभूमीतील लहानसे प्रार्थनागृह तेवढे शिल्लक राहिले. किर्केनेसजवळ लोकांनी खाणीच्या बोगद्यात आश्रय घेतला आणि त्या अंधारात बालके जन्मली. युद्ध संपल्यावर, तेथे राहू नका असे सांगणारे पुष्कळ होते. लोक तरीही परत आले. आज तेथे रंगीत घरे आहेत, शाळा आहेत, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आहेत. सातव्या दिवशी सकाळी किर्केनेसच्या धक्क्याला बोट लागली आणि आमचा प्रवास संपला. खलाशी मात्र परतीचा माल भरू लागले होते.

या प्रवासात मी दोन प्रकारची जहाजे पाहिली. एक फ्राम. ते जेथे कोणी गेले नव्हते तेथे गेले, आणि आज मानाने संग्रहालयात विसावले आहे. दुसरी ही किनाऱ्याची बोट. जेथे काल गेली तेथेच ती आज जाते आणि उद्याही जाईल. पहिल्या जहाजाने माणसाच्या ज्ञानाची सीमा वाढवली. दुसऱ्या बोटीने विखुरलेल्या माणसांना आपण एका देशाची आहोत असा विश्वास दिला. शूरांच्या कथा आपण आवडीने वाचतो, आणि त्या वाचाव्यातच. पण वेळापत्रक पाळणे हेही एक प्रकारचे शौर्य आहे. काळोखात, वादळात, कोणी पाहत नसताना, कोणी टाळ्या वाजवत नसताना, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर होण्यास मोठे मनोबल लागते.

आपल्याकडेही असे शूर आहेत. १९४८ साली आपल्या राज्यात एस.टी.ची पहिली गाडी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान धावली. तेव्हापासून या गाड्या घाट चढत, ओढे ओलांडत, दूरदूरच्या वाड्यावस्त्यांना जोडत आल्या आहेत. पायपीट करीत डोंगरावरील चार घरांना पत्र पोहोचवणारा पोस्टमन, नदीच्या पलीकडच्या मुलांना शाळेत आणून सोडणारा नावाडी, हे सारे त्या कप्तान विथचेच सोबती आहेत. त्यांची चित्रे कोणी भिंतीवर लावीत नाही. परंतु शेवटच्या गावातील एखादी आजी उंबऱ्यात उभी राहून वाटेकडे डोळे लावते, आणि वेळ झाली की वळणावर धूळ उडालेली तिला दिसते. आपण विसरले गेलो नाही, एवढे तिला त्या धुळीवरून कळते.